टेप जिथे संपायची

ती कॅसेट माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला होता : मेरिली. देणाऱ्या मैत्रिणीनेही ती कुणाकडून तरी उतरवून घेतलेली. सोबत गाण्यांची यादी नाही, गोष्टीचा सारांश नाही, कोण गातंय याचा पत्ता नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या एका म्युझिकलचं, म्हणजे संगीत नाटकाचं, हे रेकॉर्डिंग आहे आणि ते नाटक पडलं, एवढंच तिला ठाऊक होतं. "पडलं म्हणजे साफच पडलं. पण तू ऐक."

ऐकलं. सुरुवातीलाच ट्रम्पेट. नांदी अशी दणक्यात की पडदा उघडायच्या आत खुर्चीत ताठ बसावं. मग शाळेतल्या मुलांनी प्रार्थनेला उभं राहून म्हणावं तसं एक गंभीर समूहगीत, आणि लगेच एक गोंगाटाची पार्टी. त्या काळातलं माझं इंग्रजी वाचण्यापुरतं बरं होतं, पण गाण्यातलं इंग्रजी, तेही या वेगाचं, अर्धंमुर्धं हाती लागायचं. उरलेलं मी सुरांवरून जुळवलं. पार्टीतला तो माणूस श्रीमंत आहे आणि सुखी नाही, हे कळलं. एक बाई जुन्या दिवसांची आठवण काढते. एक मित्र भर मुलाखतीत त्याच्यावर भडकतो. तोंडानेच टाइपरायटरचे, फोनचे आवाज काढत गातो. कुणाचा तरी संसार मोडतो, त्याचं एक जीवघेणं गाणं. पुढे तेच गाणं परत येतं तेव्हा मात्र त्याची धार गेलेली असते. म्हणजे समेट झाला असणार. मग तिघं मिळून नव्याने धडपड करतात, दारं ठोठावतात. आणि शेवटी, रात्री कधीतरी, सगळे एकत्र उभे राहून आकाशाकडे बघत गातात की हा काळ आपला आहे. त्या गाण्याच्या शेवटच्या स्वरावर टेप संपायची. खट्ट.

कित्येक वर्षं मी हे नाटक असंच ऐकत होते : पैशाने बिघडलेल्या एका माणसाला हळूहळू त्याचे मित्र परत मिळतात. तुटलेलं लग्न सांधलं जातं. गोष्ट सुखान्त.

पुढे सीडी हाती आली, तिच्यात पुस्तिका होती. तिच्यातला सारांश वाचताना मी दोनदा मागे जाऊन पहिलं वाक्य परत वाचलं. नाटक उलटं चालतं. 1980 साली सुरू होतं आणि मागे मागे सरकत 1955 पर्यंत जातं. ज्याला मी समेट समजत होते ते लग्न होतं, मोडायच्या कितीतरी आधीचं. ज्याला नवी सुरुवात समजत होते ती पहिलीच सुरुवात होती. ते आकाशाकडे बघणारे तिघं पहिल्यांदाच एकत्र येत होते आणि पुढे काय होणार आहे ते मी तासाभरापूर्वीच ऐकून बसले होते. एकही स्वर न बदलता माझं नाटक माझ्या हातात शोकान्त झालं.

पूर्ण नाव 'मेरिली वी रोल अलाँग'. संगीत आणि गीतं स्टीव्हन साँडहाइमची, दिग्दर्शन हॅरॉल्ड प्रिन्सचं, संहिता जॉर्ज फर्थची. मूळ नाटक कॉफमन आणि हार्ट या जोडीचं, 1934 चं, त्याच नावाचं आणि तेही उलटंच चालणारं. साँडहाइम आणि प्रिन्स म्हणजे त्या दशकातली ब्रॉडवेची सगळ्यात धाडसी जोडगोळी. 1970 च्या 'कंपनी'पासून 1979 च्या 'स्वीनी टॉड'पर्यंत पाच नाटकं त्यांनी ओळीने केलेली. हे सहावं. 16 नोव्हेंबर 1981 रोजी न्यूयॉर्कच्या अ‍ॅल्व्हिन थिएटरात ते सुरू झालं आणि 28 तारखेला बंद पडलं. 16 प्रयोग.

'पडणं' हा आपला शब्द मला फार नेमका वाटतो. पडदा रोज पडतो, नाटक एकदाच पडतं. आणि हे पडलं ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आठवडेच्या आठवडे चाललेल्या पूर्वप्रयोगांत. प्रिन्सने पात्रं निवडली ती विशीच्या आतबाहेरची कोवळी मुलं. चाळिशीची, दमलेली, कडवट माणसं त्यांनी आधी करायची आणि मागे सरकत सरकत स्वतःच्या वयाला येऊन पोचायचं. कल्पना कागदावर सुंदर. रंगमंचावर लोकांना कोण कोण आहे तेच कळेना. मुळात काळ उलटा, त्यात सगळे एकाच वयाचे दिसणारे. मग आधीची वेशभूषा रद्द करून मुलांना स्वेटशर्ट चढवले आणि त्यांच्या छातीवर पात्राची ओळख छापली. पूर्वप्रयोग चालू असतानाच मुख्य नट बदलला, नृत्यदिग्दर्शक बदलला. प्रेक्षक मध्येच उठून जात होते. समीक्षकांनी धुतलं. साँडहाइम आणि प्रिन्स यांची जोडी इथे फुटली ती पुन्हा नव्या नाटकासाठी एकत्र आली थेट 2003 मध्ये. अ‍ॅल्व्हिन थिएटरसुद्धा त्या नावाने उरलं नाही. दोन वर्षांत त्याचं नील सायमन थिएटर झालं.

आता त्या स्वेटशर्टांचा विचार करा. माझ्या कॅसेटमध्ये ते नव्हतेच. नेपथ्य नव्हतं, छातीवरच्या पाट्या नव्हत्या, गोंधळलेला प्रेक्षक नव्हता, मध्येच उठलेल्या माणसाच्या खुर्चीचा आवाज नव्हता. जे पडलं होतं त्यातलं जवळजवळ काहीच टेपवर आलेलं नव्हतं. कास्ट अल्बम, म्हणजे नाटकातल्याच नटांनी गायलेल्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका, ही मोठी लबाड वस्तू आहे. नाटकाची आठवण म्हणून ती विकली जाते आणि नाटकातलं निम्मं ती गाळून टाकते. संवाद जातात, नाचाचे तुकडे जातात, हशा आणि टाळ्या तर नसतातच. लाँगप्लेच्या एका बाजूला विसापंचवीस मिनिटं बसणार, त्या मापाने कापाकापी होते. उरतात गाणी, आणि गाण्यांच्या मधल्या जागा. त्या जागांत ऐकणारा आपलं नाटक बसवतो. चाललेल्या नाटकाच्या बाबतीत तसं होत नाही; ते आधीच हजारोंनी पाहिलेलं असतं, त्याची छायाचित्रं, त्याचे किस्से डोक्यात असतात. पडलेल्या नाटकाच्या बाबतीत मात्र ऐकणाऱ्याला मोकळं रान मिळतं. मी तर इतकं मोकळं घेतलं की गोष्टच उलटी केली.

पण या नाटकाचं त्याहून एक वेगळं आहे, आणि ते कळायला मला एक खुळा प्रयोग करावा लागला. सीडी प्लेअरवर गाण्यांचा क्रम आपल्याला हवा तसा लावता यायचा. एका सुट्टीच्या दुपारी मी तो उलटा लावला, शेवटच्या गाण्यापासून पहिल्यापर्यंत. म्हणजे काळाच्या हिशेबाने सुलटा. आधी तरुण, मग यशस्वी, मग एकटे. चौथ्या गाण्याला मला कंटाळा आला. सगळं बरोबर होतं आणि सगळं आधीच ठाऊक असल्यासारखं. मुलं स्वप्नं बघतात, मोठी होतात, बिघडतात, बरं, मग?

नेहमीच्या म्युझिकलमध्ये सूर आधी येतो आणि त्याची आठवण नंतर. पहिल्या अंकात प्रेमगीत, दुसऱ्या अंकात त्याच चालीच्या दोन ओळी, की प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी. साँडहाइमने इथे आठवण आधी ठेवली आणि सूर नंतर. मोडलेल्या संसाराचं ते गाणं, 'नॉट अ डे गोज बाय', आधी कडवट होऊन येतं आणि लग्नाच्या वेळी, तेच शब्द घेऊन, गोड होऊन येतं. त्या गोडव्याची चव घेताना आपल्या जिभेवर कडू आधीपासूनच असतं. 'गुड थिंग गोइंग' हे त्या मित्रांचं गाजलेलं गाणं आपण आधी पूर्ण ऐकतो. त्यानंतर 'ओपनिंग डोअर्स' येतं, आणि त्यात तो पोरगेला संगीतकार पियानोवर काहीतरी चाचपडत असतो. ती चाल अजून त्याची त्यालाच सापडलेली नसते. आपल्याला सापडलेली असते. मला अजून त्या जागी हसूही येतं आणि घशाशीही काही येतं.

अशी वीण एका रात्रीत, एका तिकिटात कशी कळावी? नाट्यगृहात मागे जाता येत नाही. टेपवर येतं. उलट्या चालणाऱ्या गोष्टीचं पहिलं ऐकणं म्हणजे खरं तर दुसरं ऐकणं, आणि दुसऱ्या ऐकण्याची सोय ब्रॉडवेने त्या नोव्हेंबरात 13 दिवसांच्या वर दिली नाही. प्रेक्षक चुकले असं मी म्हणणार नाही. मी त्या खुर्चीत असते तर मीही बावचळले असते. मी तर घरी बसून, पन्नासदा ऐकूनही बावचळले होते.

'ओपनिंग डोअर्स'बद्दल थोडं अधिक बोलायलाच हवं, कारण माझा जीव तिथे अडकलाय. दोन वर्षांची धडपड एका गाण्यात. एक टाइपरायटरवर, एक पियानोवर, तिसरी आपली कादंबरी सोडून पोटासाठी मासिकांत लिहिणारी, आणि मध्ये फोन. एकजण दुसऱ्याला सांगतो, दुसरा तिसरीला, कुणाचं काय नाकारलं, कुणाचं काय जमतंय. मग निर्मात्याला गाणी ऐकवायला जातात. निर्माता म्हणतो, गुणगुणता येईल अशी चाल द्या की! साँडहाइमच्या चाली गुणगुणता येत नाहीत ही तक्रार जन्मभर त्याच्या मागे होती. आपलं एकमेव आत्मचरित्रपर गाणं म्हणून तो याच गाण्याकडे बोट दाखवायचा. अल्बमवर तो निर्माता गाणारा पोरगा आहे जेसन अलेक्झांडर, पुढे एका टीव्ही मालिकेने जगभर ओळखीचा झालेला. तेव्हा 22 वर्षांचा. खर्जात जाऊन पोट सुटलेल्या माणसाचा आव आणतो, आणि तो आव आहे हे स्वच्छ ऐकू येतं. रंगमंचावर ज्याने लोकांना खुपलं तेच मला इथे आवडतं. चाळिशीचे म्हणून गाणाऱ्या त्या आवाजांच्या तळाशी मूळची मुलं सतत दिसत राहतात. पुढे, म्हणजे मागे, जिथे पोचायचं आहे ते आवाजात आधीपासूनच हजर.

सगळंच काही उत्तम नाही. पार्टीचं गाणं, 'रिच अँड हॅपी', चतुर आहे; पण मुलांनी मोठ्यांचे कपडे घालून केलेल्या स्नेहसंमेलनासारखं वाटतं. केनेडी कुटुंबावरचं ते विनोदी गाणं मी बऱ्याचदा पुढे ढकलते. काही वरचे स्वर ताणलेले आहेत, एकदोन ठिकाणी दम पुरत नाही.

आणि दम न पुरण्याचं कारण मला कळलं त्या दिवसापासून त्या जागांवर टीका करणं मी सोडलं. कास्ट अल्बम परंपरेने एकाच दिवसात उरकतात. नटांच्या संघटनेचा नियम असा की ध्वनिमुद्रणाच्या एका दिवसाला कलावंताला आठवड्याचा पगार द्यायचा. त्यामुळे दुसरा दिवस परवडत नाही. चालू असलेल्या नाटकाची माणसं सुट्टीच्या दिवशी स्टुडिओत येतात, गातात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोगाला उभी राहतात. 'मेरिली'ची मुलं 28 नोव्हेंबरच्या शनिवारी शेवटचा प्रयोग करून रविवारी स्टुडिओत आली. सोमवारी त्यांना कुठेच जायचं नव्हतं. रात्री झोपली असतील की नाही कोण जाणे. बऱ्याच जणांचं हे ब्रॉडवेवरचं पहिलं काम. आरसीए या रेकॉर्ड कंपनीचा निर्माता थॉमस शेपर्ड, वाद्यमेळाची बांधणी जोनाथन ट्यूनिकची. त्या दिवशी त्या मुलांनी, हा काळ आपला आहे, सगळी दारं आपल्यासाठी उघडणार आहेत, हे गायलं. आदल्या रात्री दार बंद झालं होतं.

अशा नाटकाची ध्वनिमुद्रिका निघणं हेच मुळात नवल. हिशेबाने बघितलं तर 16 प्रयोगांच्या नाटकावर रेकॉर्ड कंपनीने पैसे का घालावेत? 1964 मध्ये साँडहाइमचंच 'एनीवन कॅन व्हिसल' 9 प्रयोगांत आटोपलं. इतक्या कमी प्रयोगांच्या नाटकाचा अल्बम काढायला कोलंबिया कंपनी बांधील नव्हती. तिचा प्रमुख गॉडर्ड लीबरसन याने तो तरीही काढला, तोही नाटक बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुद्रित करून. तो निघाला म्हणून ते नाटक आज आहे. संगीतकार जेरी हर्मनच्या 'मॅक अँड मेबल'चे 1974 मध्ये 66 प्रयोग झाले. आठ वर्षांनी टॉर्व्हिल आणि डीन या ब्रिटिश जोडीने त्याच्या नांदीवर बर्फावर नृत्य केलं, आणि मेलेल्या नाटकाची जुनी रेकॉर्ड ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत जाऊन बसली. उलट 1988 चं 'कॅरी', 5 प्रयोग, लाखो डॉलर पाण्यात, त्या वेळी अल्बमच नाही. ते जगलं चोरून केलेल्या टेपांवर, हातोहात. अधिकृत ध्वनिमुद्रण निघायला 2012 उजाडलं. त्या टेपा जपणाऱ्या लोकांना मी ओळखत नाही, पण त्यांचं कपाट मला ओळखता येईल.

या प्रेमात छुपा माजही असतो, हे कबूल करते. गाजलेल्या नाटकांची गाणी कुणालाही पाठ असतात. मला पडलेल्याची येतात! कुणी 'मेरिली'चं नाव काढलं की मी आधी त्याला कितपत ठाऊक आहे हे चाचपायची. एखाद्याला आवडली नाहीत गाणी, तर राग यायचा. आवडली तर त्याहून जास्त.

त्यामुळे 2023 ची बातमी आली तेव्हा माझी अवस्था विचित्र झाली. मधल्या चाळीस वर्षांत या नाटकाची संहिता पुनःपुन्हा दुरुस्त झाली होती. 1985 पासूनच ते काम चाललेलं. शेवटी मारिया फ्रीडमनने दिग्दर्शित केलेलं, आधी लंडनमध्ये गाजलेलं रूप ब्रॉडवेवर हडसन थिएटरात आलं. मुख्य भूमिकांत जोनाथन ग्रॉफ, डॅनियल रॅडक्लिफ, लिंझी मेंडेझ. तिकिटं मिळेनात. 2024 मध्ये त्याला सर्वोत्तम पुनरुज्जीवित म्युझिकलचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मानाचं पारितोषिक, मिळालं, ग्रॉफला आणि रॅडक्लिफलाही मिळालं, आणि वाद्यमेळ बांधणीचं टोनी मिळालं जोनाथन ट्यूनिकला. तोच ट्यूनिक, 43 वर्षांनी. साँडहाइम हे बघायला नव्हता. तो नोव्हेंबर 2021 मध्ये गेला. प्रिन्स त्याच्याही आधी.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण आधी पोटात कालवलं. आपल्या आळीतल्या वेंधळ्या मुलाचं कुणीतरी मोठ्या घरात लग्न जुळवावं आणि आपल्याला आमंत्रणच येऊ नये, तसं काहीसं. नवा अल्बम दोन दिवस मी उघडलाच नाही. मग उघडला, आणि त्यात नाव ठेवायला जागा सापडेना. मोठी माणसं मोठ्या माणसांचं दुःख गात होती. 'रिच अँड हॅपी'च्या जागी आलेलं दुसरं गाणं गोष्टीला जास्त धरून होतं. मोडत्या संसाराचं गाणं 1981 च्या अल्बमवर नवरा गातो. आता ते बायकोच्या तोंडी होतं, जिथे ते असायलाच हवं. सगळं कळत होतं. कोण कोण आहे, कुठलं साल आहे, कशाने काय बिघडलं. स्वेटशर्टांवर नाव लिहायची गरज कुणालाच पडली नसती.

आणि शेवट. सीडी आल्यावर मला कळलं होतं की माझ्या कॅसेटवर एक छोटा तुकडा कमी आहे. आकाशाकडे बघत गायलेलं ते गाणं, 'अवर टाइम', संपल्यावर मूळ अल्बममध्ये ते सुरुवातीचं शाळकरी समूहगीत पुन्हा येतं, पदवीदान समारंभातलं, गंभीर आणि थोडं पोकळ. जुन्या नाटकाची ती चौकट होती. उतरवणाऱ्याची टेप त्याच्या आधीच संपलेली, म्हणून माझं नाटक आकाशाकडे बघणाऱ्या त्या मुलांवर थांबायचं. नव्या अल्बममध्ये शेवटचं गाणं आलं, मी त्या चौकटीची वाट बघत बसले, आणि पुढे काही आलंच नाही. दुरुस्तीत ते समूहगीत काढून टाकलेलं होतं, केव्हाचंच. त्यांचं नाटकही आता माझ्या टेपच्या जागीच संपत होतं.

ती कॅसेट आता वाजत नाही, फीत चिकटलीय. जुना अल्बम मी फोनवर ऐकते. 'अवर टाइम'चा शेवटचा स्वर विरत आला की हात आपोआप बटणाकडे जातो. कधी ते समूहगीत येऊ देते. बऱ्याचदा तिथेच बंद करते, आणि त्या माणसाला त्याचे मित्र परत मिळतात.